चरबीतल्या गाठी

मामाचा रिपोर्ट मला मामेभावाने फोनवर फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सगळं क्लिअर आहे ताई. टेन्शन संपलं.' मी तेव्हा मुंबईत, माझ्या हॉस्पिटलात मायक्रोस्कोपसमोर बसले होते. समोरची स्लाइड तशीच ठेवून मी फोटो बोटांनी मोठा केला आणि वाचला.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांना वाटतं आम्ही रक्त-लघवी तपासतो. माझं काम वेगळं आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग फॉर्मालिनच्या डब्यातून आमच्याकडे येतो. आम्ही तो चिरतो, त्याचे पातळ काप काचेवर घेऊन बघतो आणि कर्करोग आहे का, असेल तर कुठवर पोचलाय, ते लिहून देतो. हे मी वीस-पंचवीस वर्षं करते आहे. पेशंट मला दिसत नाही, मी पेशंटला दिसत नाही. पुढे त्या माणसाचं काय झालं तेही सहसा कळत नाही आणि हळूहळू विचारायची सवय जाते.

मामाचा ट्यूमर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात होता. आतड्याची भिंत ओलांडून तो बाहेरच्या चरबीला लागला होता. कापलेली दोन्ही टोकं स्वच्छ होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की लसिकाग्रंथी पाच मिळाल्या आणि पाचांपैकी एकीतही कर्करोग नाही. मामेभावाने त्यातलं 'नाही' वाचलं होतं. माझी नजर 'पाच' वर थांबली.

आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ज्या चरबीतून येतात, त्या चरबीत बारीक बारीक ग्रंथी असतात. कर्करोग आतड्यातून बाहेर पडायला लागला की बऱ्याचदा आधी या ग्रंथींत जाऊन बसतो. म्हणून त्या मोकळ्या आहेत की नाहीत, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. माणूस किती वर्षं काढेल याचा अंदाज बांधायला आमच्याकडे जी काही साधनं आहेत, त्यांत हे सगळ्यांत भरवशाचं मानतात. पण ग्रंथी मोकळ्या आहेत असं म्हणायला त्या पुरेशा बघितलेल्या असाव्या लागतात. निदान बारा तरी बघाव्यात, असं आम्हाला शिकवलेलं असतं. प्रत्येक वेळी मिळतात असं नाही. पाच मिळाल्या, पाचही मोकळ्या, याचा अर्थ जेवढं बघितलं तेवढ्यात काही सापडलं नाही, एवढाच होतो.

मी मामेभावाला उत्तर लिहिलं, 'शनिवारी येते.'

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. रेवदंड्याच्या बंदरावर त्याचा मासळीचा धंदा. होड्या लागल्या की लिलाव होतो, त्यात माल घ्यायचा, बर्फात भरायचा आणि टेम्पोने मुंबईला लावून द्यायचा, हे तो चाळीस वर्षं करत होता. माझे वडील थळच्या खत कारखान्यात होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो आणि सुट्टी लागली की मी मामाकडे. सकाळी तो मला बंदरावर न्यायचा. मासा विकत घेण्याआधी तो अंगठ्याने दाबून बघायचा, कल्ल्याच्या मागे आणि पोटाजवळ. मासा किती वेळापूर्वी जाळ्यातून निघालाय ते त्याला त्या दाबण्यातून कळायचं. तो कधी चुकला असं मी तरी ऐकलं नाही. बर्फाची लादी फोडून तो उघड्या हातांनी चुरा पेटीत ढकलायचा, त्यामुळे त्याचे पंजे कायम लाल आणि गार असायचे.

आजाराची सुरुवात थकव्याने झाली. लादी उचलताना दम लागायला लागला. वय झालं, असं तो म्हणाला आणि बाकीच्यांनीही तेच धरलं. मग एकदा मी मामाकडे गेले असताना मला त्याच्या पापण्यांच्या आतली बाजू पांढरीफटक दिसली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार खाली. अलिबागच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, गोळ्या घे, पण रक्त जातंय कुठे ते बघूया. दुर्बीण घालून बघितल्यावर ट्यूमर दिसला आणि पंधरवड्यात पनवेलला ऑपरेशन झालं. इथपर्यंत सगळे माझ्यावर खूश होते. मामी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, 'आमच्या भाचीनं डोळे बघून वलखलं.'

शनिवारी मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली, तिथून एसटीने अलिबाग आणि पुढे रिक्षा. पोचले तेव्हा मामा पडवीत खुर्चीवर बसला होता. पोटाला पट्टा, अंगात बनियन. वजन उतरलं होतं, पण चेहऱ्यावर रंग आला होता. मामीने कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर मी पडवीत येऊन बसले.

'मामा, मी रिपोर्ट वाचला.'

'क्लिअर हाय ना?'

'जेवढं बघितलं तेवढं क्लिअर आहे.'

मामाने माझ्याकडे बघितलं. त्याचं आयुष्य लिलावात बोलणारी माणसं ऐकण्यात गेलं होतं. 'जेवढं म्हंजे? बघायचं काय रायलं?'

मी त्याला सांगितलं, 'पायाला शिंपला लागून पिकलं की जांघेत अवधान येतं ना? तिथली गाठ सुजते. तसल्याच बारीक गाठी आतड्याच्या बाहेर चरबीत असतात. कॅन्सर पसरायला लागला तर बहुतेक आधी तिथे जातो. म्हणून त्या शोधून शोधून तपासतात. तुझ्या पाच मिळाल्या. जास्त मिळायला हव्या होत्या.'

'मंग बाकीच्या मना न्हायतच का?'

'असतील. चरबीत राहिल्या असतील.'

'नि ती चरबी कुठं हाय?'

'पनवेलच्या लॅबमध्ये. डब्यात असेल. लगेच टाकत नाहीत.'

मामी दारात उभी राहून ऐकत होती. काढलेलं आतडं कुणी जपून ठेवतं हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, 'यांचं अजून ठेवलंय? आनि तू आता काय करनार?'

'त्यांना पुन्हा शोधायला सांगेन. मामा हो म्हणाला तर.'

'कशाला? मोठ्या डाक्टरनी सांगितलं, बरे झाले, औषदाची गरज न्हाय. आता उकरून काय काढायचंय?'

'मामी, काही असलं तर आत्ता कळलेलं बरं. पुढचं औषध देता येतं.'

'नि नसलं तर?'

'मग आपण निर्धास्त.'

'मी आत्ताच निर्धास्त हाय,' मामी म्हणाली आणि आत गेली.

मामा म्हणाला, 'मासळीची अर्धी पाटी बघून मी कधी बोली लावली न्हाय. बघ तू.'

सोमवारी मी पनवेलच्या लॅबला फोन केला. रिपोर्टवर ज्यांची सही होती ते डॉक्टर माझ्यापेक्षा बरेच तरुण होते. मी कोण ते सांगितलं आणि पेशंट माझे मामा आहेत हेही सांगितलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. 'मॅडम, चरबी खूप होती. मी दोनदा शोधलं,' ते म्हणाले. माझा त्यावर विश्वास बसला. काही लोकांच्या चरबीत ग्रंथी इतक्या बारीक असतात की हाताला लागत नाहीत. मी विचारलं, 'डबा आहे अजून?' ते म्हणाले, 'आहे. तुम्ही येत असाल तर दोघं मिळून बघू.'

त्या लॅबची कापायची खोली छोटी होती. स्टीलचं टेबल, वर एक्झॉस्टचा पंखा, फॉर्मालिनचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास. डॉक्टरांनी डबा आणला. डब्यावरच्या चिठ्ठीवर मामाचं नाव आणि वय होतं. मी ते एकदा वाचलं, कारण वाचायचं असतं, आणि डबा फिरवून चिठ्ठी पलीकडे केली.

फॉर्मालिनमध्ये राहून आतडं राखाडी आणि घट्ट झालं होतं. चरबी पिवळी, थिजलेली. असं आतडं हातात घ्यायची माझी ती पहिली वेळ नव्हती, आणि बाहेर काढल्यावर ते इतर कुठल्याही आतड्यासारखंच दिसत होतं. मला बरं वाटलं. आम्ही दोघांनी हातमोजे घातले आणि चरबीचे दोन भाग करून घेतले. पद्धत साधी असते. चरबीच्या पातळ चकत्या करायच्या आणि एकेक चकती अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबत जायची. चरबी दबते, ग्रंथी दबत नाही. मळलेल्या पिठात मिठाचा खडा राहिला तर कसा लागतो, तशी ती लागते. मोठ्या ग्रंथी मसुराएवढ्या, बारीक त्याहून कितीतरी लहान. या कामात घाई करता येत नाही. आम्ही फारसं बोललो नाही. मधे ते एकदा म्हणाले, 'सरांनी आम्हाला हे काम शिकवताना खुर्ची द्यायची नाही असं ठेवलं होतं.' मी म्हटलं, 'आमच्याकडेही तसंच होतं.'

संपलं तेव्हा ट्रेमध्ये अकरा नवीन ग्रंथी होत्या. त्यांतल्या बहुतेक तांदळाच्या कणीएवढ्या होत्या. डॉक्टरांनी त्या पुढच्या कामासाठी लावल्या. काप तयार व्हायला दोन दिवस लागणार होते.

त्यांचा फोन आला तेव्हा मी घरी स्वयंपाक करत होते. 'मॅडम, एक आहे,' ते म्हणाले.

'बाकीच्या?'

'मोकळ्या. स्लाइडचा फोटो पाठवू का?'

'नको, मी येऊन बघते.'

बघायची गरज नव्हती, त्यांची नजर चांगली होती. तरी मी गेले. मायक्रोस्कोपखाली ती ग्रंथी व्यवस्थित दिसत होती. गडद निळ्या गोल पेशींची दाटी आणि एका बाजूला, कडेशी, वेड्यावाकड्या नळ्या. तशा नळ्या आतड्यात असतात, ग्रंथीत नसतात. शंकेला जागा नव्हती. एरवी अशी स्लाइड मी पटकन बघून पुढे सरकते. तेव्हा मी भिंग बदलून बदलून सगळीकडून बघितली, जणू कुठल्यातरी कोपऱ्यात वेगळं काही दिसेल. डॉक्टर शेजारी उभे होते. ते म्हणाले, 'मी पुरवणी रिपोर्ट काढतो.' मी मान हलवली.

कागदावर फरक असा झाला की मामाचा आजार दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात गेला. मामाच्या शरीरात त्या दोन दिवसांत काहीच बदललं नव्हतं. ती ग्रंथी तर ऑपरेशनच्या दिवशीच त्याच्या पोटातून निघाली होती. पण सर्जनने 'किमोची गरज नाही' असं जे सांगितलं होतं, ते आता लागू राहिलं नाही. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'किमो द्यायला हवी. तुम्ही सांगता की मी बोलावून सांगू?' मी म्हटलं, मी सांगते.

पुन्हा तीच लाँच, तीच एसटी. या खेपेला मामी पडवीतच होती, तांदूळ निवडत. मी बसले आणि सांगून टाकलं. मामाने विचारलं, 'किती?'

'एक. सोळांतली एक.'

'मंग फार न्हाय.'

'फार नाही. पण आहे.'

मामीने सूप खाली ठेवलं. 'मिळालं तुला,' ती म्हणाली. ती रागावली नव्हती, आवाजही चढला नव्हता. मी काही हरवलेलं शोधत होते आणि ते सापडलं, अशा सुरात ती बोलली. मग ती उठून मागच्या दारी गेली आणि मी निघेपर्यंत पुढे आली नाही.

किमो दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून आणि मधल्या दिवसांत गोळ्या, अशी ठरली. सलाइनच्या वेळी मामा आणि मामी माझ्याकडे मुंबईला राहायला यायची. मामी माझं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायची, मला कामावरून आल्यावर गरम भाकरी मिळायची, पण आजाराबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. काय विचारायचं ते ती नर्सला विचारायची.

पहिल्याच भेटीत किमोच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सलाइनमधल्या औषधाने हातापायांच्या नसांना त्रास होतो आणि गारठा अजिबात सोसत नाही. फ्रिजमधलं पाणी प्यायचं नाही, थंड वस्तूला हात लावायचा नाही.

मामा म्हणाला, 'साहेब, माझा धंदाच बर्फाचा हाय.'

डॉक्टर म्हणाले, 'मग सध्या मुलाला बघू दे.'

मामेभाऊ बघायला लागला. तो टेम्पो चालवायचा आणि मालाची भराई करायचा, पण लिलावात उभं राहायची त्याला सवय नव्हती. मामा घरी बसून फोनवर भाव विचारायचा. पहिली दोन सलाइन ठीक गेली. थोडी मळमळ, तोंडाला चव नाही, एवढंच. तिसऱ्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी बंदरावर सुरमईचा मोठा माल आला. मामेभाऊ टेम्पो घेऊन गेलेला. कुणीतरी फोन केला आणि मामा उठून गेला. त्याने हातात रबरी मोजे चढवले होते, पण माल दाबून बघायची वेळ आली तेव्हा उजव्या हाताचा मोजा काढला आणि बर्फाच्या पाण्यात हात घालून मासा उचलला.

'करंट लागला गं,' त्याने मला नंतर सांगितलं. 'खांद्यापावतर. मासा कधी पडला ते कललंच न्हाय.'

तो तिथेच एका क्रेटवर बसला. बोटं वाकडी होऊन आखडली होती. लोकांना वाटलं हार्टचा झटका. कुणीतरी मामेभावाला गाठलं, त्याने मला. मी म्हटलं, हात गरम कपड्यात गुंडाळून घरी न्यायला सांग, उतरेल. तासाभरात उतरलं. पण बोटांच्या टोकांना मुंग्या राहिल्या. चौथ्या सलाइननंतर त्या मुंग्याही गेल्या आणि त्या जागी काहीच उरलं नाही. शर्टाचं बटण त्याला लावता येईना. चहाचा कप हातात आहे की नाही ते बघून खात्री करावी लागायची.

मामी मला स्वतःहून कधी फोन करत नसे. तेव्हा तिने केला.

'तुझ्या औषदानं यांचे हात गेले,' ती म्हणाली.

'औषधानेच झालंय, मामी. खरंय.'

मी भांडेन असं तिला बहुधा वाटलं होतं. ती म्हणाली, 'आता काय?'

मी किमोच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी सलाइनमधलं ते औषध थांबवलं आणि नुसत्या गोळ्यांवर उपचार पुरा करायचं ठरवलं. तो पुरा झाला. मामाच्या जिभेला चव परत आली, वजन भरलं. पायांतली बधिरता वर्षभरात बरीच कमी झाली. हातांची तेवढी झाली नाही.

त्याचा परिणाम धंद्यावर झाला. मासा दाबून त्यातलं काही कळत नाही म्हटल्यावर मामाने लिलावात बोली लावायचं सोडून दिलं. 'डोले नि कल्ले बघून कोनीपन सांगंल,' तो म्हणायचा, 'त्यात माझं काय?' मामेभाऊ हळूहळू शिकला. त्याच्या हातून सुरुवातीला थोडा माल वाया गेला, मग जमलं. मामा सकाळी बंदरावर जातो, कोपऱ्यातल्या चहावाल्याकडे बसतो, होड्या लागताना बघतो. मामेभावाने काही विचारलं तर सांगतो. विचारलं नाही तर बोलत नाही.

आमच्या नातेवाइकांत या गोष्टीला पुढे एक वेगळंच रूप आलं. थळला एका लग्नात आईची एक चुलत बहीण माझी दुसऱ्या बाईशी ओळख करून देताना म्हणाली, 'ही डॉक्टर. हिच्या मामाचा कॅन्सर संपला होता, तर हिनं परत शोधून काढला.' तिच्या मनात वाईट नव्हतं. ती कौतुकानेच सांगत होती. समोरच्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यात कौतुक किती होतं ते मला सांगता येणार नाही. मी जेवायच्या पंगतीकडे गेले.

या सगळ्याबद्दल मी कामाच्या ठिकाणी फार कुणाशी बोलले नाही. तिथे रोज असे रिपोर्ट निघतात. इतक्या ग्रंथी मिळाल्या, त्यांपैकी इतक्यांत आजार. त्या आकड्यांवरून किती लोक पाच वर्षांनी जिवंत असतात, ते मला माहीत आहे. हजारो माणसांचं मिळून ते खरं असतं. एका माणसापाशी आल्यावर त्याचं काय करायचं, ते मला कधी कुणी शिकवलं नाही, आणि मामाच्या आधी मला त्याची गरजही पडली नव्हती.

मामाच्या तपासण्या चालू राहिल्या. आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा. रक्त, स्कॅन, दुर्बीण. प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंत मामेभाऊ मला रोज फोन करायचा आणि आल्यावर महिनाभर करायचा नाही. मामाला स्वतःला फारशी काळजी वाटताना दिसली नाही. पाच वर्षं पुरी झाली तेव्हा किमोचे डॉक्टर त्याला म्हणाले, 'आता माझ्याकडे यायची गरज नाही.' मामाने त्यांना विचारलं, 'साहेब, नक्की?' ते हसले आणि म्हणाले, 'तरी वाटलं तर या.'

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी दोन दिवस रेवदंड्याला गेले होते. मामी घरामागच्या मोकळ्या जागेत बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. मीही शेजारी बसून जोड्या लावायला लागले. मामा बंदरावर गेला होता. बराच वेळ आम्ही काम करत होतो. मग मामीने हातातली जोडी तशीच धरून विचारलं, 'एक विचारू? तवा तू बघितलं नसतंस तर?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला. मी उत्तर मनात कितीदा तरी तयार केलं होतं, पण ते डॉक्टरांना द्यायचं उत्तर होतं.

मी म्हटलं, 'सांगता येत नाही, मामी. ती गाठ तर ऑपरेशनमध्येच निघाली होती. कदाचित आजार तेवढाच होता. मग औषध न घेताही मामा असाच बरा राहिला असता, आणि हातही चांगले राहिले असते.'

'नि दुसरं कदाचित?'

'कदाचित आणखी कुठेतरी थोडं सुटलेलं होतं आणि ते औषधाने मेलं. मग औषध नसतं तर मामा आज नसता.'

'यातलं खरं कंचं?'

'मला माहीत नाही.'

'मोठ्या डाक्टरांना?'

'त्यांनाही नाही. कुणालाच कळायचा मार्ग नाही.'

मामी माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलतेय का ते ती ताडत होती. मग तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. 'मना इतकी वर्सं वाटायचं,' ती म्हणाली, 'तुला ठावं हाय. औषद फुकट गेलं हे तुला ठावं हाय, नि माझ्या तोंडावर बोलत न्हायस.'

'नाही गं. मला खरंच माहीत नाही.'

'व्हय,' ती म्हणाली. 'आता कललं.'

मी म्हटलं, 'तू आधी विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं.'

'आधी विचारलं असतं नि तू म्हनाली असतीस, फुकट गेलं, तर मी काय केलं असतं?'

तिने टोपली माझ्याकडे सरकवली आणि आम्ही उरलेल्या जोड्या लावल्या. ऊन चढलं तसा मामा परत आला. दोन्ही दोऱ्या भरलेल्या बघून तो म्हणाला की त्या बाजूची दोरी खाली आलीय, कुत्री ओढतील. मामी म्हणाली, मग वर बांधा ना. त्याला गाठ मारता येणार नाही हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याने दोरी दोन्ही हातांनी वर उचलून धरली, मामीने टाचा उंचावून ती खांबाला बांधली, आणि मी टोपली धुवायला नळावर गेले.